पाऊस नाही आणि नोंद नाही

कर्जत-खालापूर भागात आज पाऊस किती झाला, या प्रश्नाला एक आकडा पुरत नाही. घाटाला टेकलेली खांडसची बाजू, उल्हासच्या काठचं कर्जत, माथेरानच्या पायथ्याचं नेरळ आणि डोंगराच्या अल्याड खोपोली-खालापूरचा पट्टा, प्रत्येकाचा पाऊस वेगळा. एकीकडे झड लागलेली असते आणि त्याच वेळी दुसरीकडे लावणीची माणसं बांधावर बसून निवांत भाकरी खात असतात. पण सरकारदरबारी आकड्याला वजन असतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. भाताचं नुकसान झालेल्या माणसाचं पुढचं सगळं गणित त्या आकड्यापासून सुरू होतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदतीला निघालेली माणसं पावसात, अंधारात डोंगर चढून गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं, हे नंतर विधानसभेत सांगितलं गेलं. माझे मामा खालापूरजवळ राहतात. त्या आठवड्यात त्यांच्या ओटीवर जो येई तो एकच विचारी, वर डोंगरात नक्की किती पडला होता? पायथ्याला मोजलेला आकडा सगळ्यांना ठाऊक होता. वाडीवर किती पडला, हे सांगायला तिथे मापकच नव्हता.

आपापल्या भागातला पाऊस मोजून एका जागी ठेवायचा, असं आम्ही काही जणांनी ठरवलं ते त्यानंतर. दरड कधी येईल हे आमच्या नोंदीतून कळणार नाही आणि आम्ही तसा दावा कधी केला नाही. आमच्या आकड्यांना सरकारी मान्यताही नाही. पण पुढच्या वेळी कुणी विचारलं तर नुसता अंदाज सांगायची वेळ येऊ नये, एवढं मनात होतं. माझं पोटापाण्याचं काम जावाचं, रोज कर्जत लोकलने ऐरोलीला जाऊन तेच करते. साहजिकच सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं.

पहिल्याच बैठकीत कळलं की प्रत्येकाकडे मोजायचं साधन निराळं आहे. कशेळ्याच्या पुढे एका जिल्हा परिषद शाळेत साधा पर्जन्यमापक होता, वर २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं आणि आत बाटली. त्या तोंडावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बाटलीत २० मिलिलिटर पाणी. शाळेच्या बाई सकाळी साडेआठला काचेच्या मापाने मोजून वहीत लिहीत. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठला बदलतो, म्हणून तीच वेळ. मामांच्या पडवीच्या छपरावर मी टिपिंग बकेट बसवली होती. तिच्यात चिमुकल्या तराजूसारखे दोन कप्पे असतात, एक भरला की कलंडतो, एक चुंबक कळ दाबतो आणि ०.२ मिलिमीटरची एक नोंद तारेतून येते. नेरळच्या बाजूला एका शेतघराच्या मालकांनी परदेशी बनावटीचं हवामानयंत्र घेतलं होतं, ते वायफायवरून आपल्याच पद्धतीने आकडे पाठवी. एका साकवाखाली पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर होता. आणि दोघांकडे फक्त साधा फोन. ते म्हणाले, आम्ही मेसेज करू.

या सगळ्यांसाठी एकच मोठा प्रोग्रॅम लिहिता आला असता. पण नवं यंत्र आलं की तो उघडावा लागणार, आणि भर पावसाळ्यात चालू प्रोग्रॅमच्या पोटात हात घालणं मला मान्य नव्हतं. म्हणून मी गाभा आणि एक्स्टेन्शन असे दोन भाग केले. गाभ्याची कामं तीनच: नोंद घेणं, ती डिस्कवर पक्की करणं आणि मागेल त्याला देणं. टिपिंग बकेट म्हणजे काय, मेसेज कसा वाचायचा, यातलं काहीही त्याला माहीत नाही. ते ज्याच्या त्याच्या एक्स्टेन्शनने जाणायचं.

कर्जतच्या माणसाला हे समजावायला बँकर पुरतो. घाटात १ : ३७ चा चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला सुटतात. गाडी कुठून आली, डब्यात कोण बसलंय, याच्याशी बँकरला कर्तव्य नसतं. कपलिंग जुळलं पाहिजे आणि सिग्नल दोघांनी सारखा वाचला पाहिजे. आमचं कपलिंग म्हणजे जावाचा एक इंटरफेस. त्यात मोजक्याच मेथड आहेत: सुरू हो, थांब, तुझं नाव सांग, आणि हा घे नोंद द्यायचा दरवाजा.

एक्स्टेन्शन शोधून काढायला जावातच सर्व्हिसलोडर आहे, २००६ साली आलेल्या जावा ६ पासून. २०१७ च्या जावा ९ मध्ये मॉड्यूल आले आणि एक शिस्त आली. कोणतं मॉड्यूल काय वापरतं, काय पुरवतं, आपल्या आतलं काय बाहेर दाखवतं, हे एका छोट्या फाइलीत लिहावंच लागतं. गाभ्याच्या आतले क्लास मी बाहेर दाखवलेच नाहीत. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याला दिसतो तो फक्त करार, म्हणजे तो इंटरफेस. बँकेच्या प्रकल्पांत मी पाहिलंय, आतलं दिसलं की माणूस ते वापरतोच, आणि मग आतलं काही बदलण्याची सोय राहत नाही.

दोन यंत्रांच्या लायब्ऱ्यांना सिरियल पोर्टची एकच लायब्ररी हवी होती, पण वेगवेगळ्या आवृत्तीची. जावात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलंय. एका क्लासपाथवर दोन्ही ठेवल्या की जी आधी सापडेल ती लागते, आणि दुसरं एक्स्टेन्शन भलत्याच ठिकाणी कोसळतं. म्हणून प्रत्येक एक्स्टेन्शन स्वतःच्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या मॉड्यूल लेअरमध्ये आणि स्वतःच्या क्लासलोडरने उचललं जातं. दोघांची आवृत्ती दोघांकडे, भांडण मिटलं.

ओएसजीआय का नाही, असं ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं. एक्लिप्स २००४ सालच्या ३.० आवृत्तीपासून त्यावर उभं आहे, आणि चालू प्रोग्रॅममध्ये भाग काढणं-घालणं त्यात होतं. पण त्याची किंमत गुंतागुंतीत मोजावी लागते. आमचा डेमन, म्हणजे मागे सतत चालू राहणारा हा प्रोग्रॅम, काही सेकंदांत बंद होऊन परत उठतो, तेवढ्याने आमचं काही बिघडत नाही. पुढे मागे हे काम सांभाळणारी व्यक्ती खोपोलीच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असेल. तिला एका रविवारात कळेल असं ते असलं पाहिजे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

आदर्श समोर होता तो ओपनएमआरएसचा. केनियातल्या दवाखान्यांच्या गरजेतून वाढलेलं हे जावातलं रुग्णनोंदीचं सॉफ्टवेअर सगळं मॉड्यूलवर चालतं. त्याच्याच पायावर थॉटवर्क्सने बाह्मनी उभं केलं आणि ते छत्तीसगडच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात वापरात आलं. तिथला एक नियम मी उचलला. मागच्या बाजूला आपोआप चालणाऱ्या कामाला तिथे जादा अधिकार लागतात, आणि ते कुणालाही मिळत नाहीत. गाभा मॉड्यूलला एक टोकन देतो, ते दाखवलं तरच काम चालतं. आमच्याकडेही नोंदींचा दरवाजा गाभाच उघडून देतो, एक्स्टेन्शनला तो स्वतः शोधता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक प्रोग्रॅममध्ये पावसाची नोंद म्हणजे एक संख्या. तार तुटली, बॅटरी उतरली, मेसेज आला नाही, की त्या संख्येच्या जागी शून्य बसतं. कोरड्या भागात हे एक वेळ खपेल. इथे जुलैत खपत नाही. पाऊस नाही आणि नोंद नाही या दोन गोष्टी एकाच आकड्याने लिहिल्या तर सगळ्यात वाईट रात्री, म्हणजे वीज जाते, रेंज जाते, यंत्र बंद पडतं तेव्हा, पडद्यावर सगळीकडे स्वच्छ शून्य दिसणार. महिन्याची बेरीज कमी भरणार. आणि नंतर कुणी म्हणेल, तुमच्याच नोंदीत तर पाऊस नव्हता.

म्हणून आमच्या करारात नोंद ही संख्या नाहीच. तो एक सील्ड इंटरफेस आहे, आणि सुरुवातीला त्याचे तीन प्रकार होते: मोजलेली, संशयित आणि नोंद नाही. सील्ड म्हणजे या तिघांखेरीज चौथा प्रकार बाहेरून कुणाला घुसवता येत नाही. १९ सप्टेंबर २०२३ ला जावा २१ आलं आणि त्यात स्विच अशा प्रकारांवर पक्का झाला. तिघांपैकी एकाचा विचार करायला विसरलात तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. बेरीज करणारा असो, मेसेज पाठवणारा असो की आलेख काढणारा, प्रत्येकाला आधी उत्तर द्यावं लागतं: नोंद नसेल तर तू काय करशील? मी कितीही टिपणं लिहिली असती तरी ती घाईत कुणी वाचली नसती. कंपायलर मात्र आडवा येतोच.

चौथा प्रकार शाळेच्या बाईंनी घालायला लावला. एका सकाळी त्यांचा फोन आला.

“अगं, बाटली काठोकाठ भरलीय. शंभर लिहू का?”

“लिहा ना बाई, दोन लिटरची बाटली, शंभरच होतात.”

“शंभर कसे? भरून बाहेर सांडलंय की. शंभराच्या वर कितीतरी असेल. शंभर लिहिलं तर खोटं होईल.”

त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. २ लिटरची बाटली १०० मिलिमीटरला भरते, आणि तिथल्या आषाढात एका दिवसात शंभर ही काही नवलाची गोष्ट नाही. नोंदीचा चौथा प्रकार आला: निदान इतकी. ज्या एक्स्टेन्शनांचं काम फक्त नोंद देणं, त्यांना काही फरक पडला नाही. नोंदी वाचणारी सगळी मात्र कंपाइल व्हायची थांबली. प्रत्येक ठिकाणी कंपायलरने विचारलं, या चौथीचं काय? बेरीज करणाऱ्याने उत्तर दिलं की बेरीजही मग निदान इतकीच होईल. ६५ ची मर्यादा तपासणाऱ्याने सांगितलं की निदान १०० असेल तर मर्यादा नक्की ओलांडली, निदान ४० असेल तर सांगता येत नाही. मला हे उत्तर फार आवडतं. सांगता येत नाही, हे सॉफ्टवेअरला स्पष्ट म्हणता आलं पाहिजे. एक्स्टेन्शन जुनं आणि गाभा नवा अशी जोडी चालवली तर चालू असताना अपवाद फेकला जातो, म्हणून करारावर आवृत्तीचा क्रमांक आहे आणि न जुळणारं एक्स्टेन्शन गाभा उचलतच नाही. बाईंना नंतर १० लिटरची बाटली मिळाली, तीत ५०० मावतात. पण चौथा प्रकार राहिला.

डेमनचं काम वेगळ्या तऱ्हेने शिकवणारं होतं. हे सगळं चालतं रास्पबेरी पाय या छोट्या संगणकांवर, एक माझ्या घरी आणि एक मामांकडे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती सांगून जात नाही. म्हणून आलेली नोंद आधी एका फाइलीच्या शेवटी जोडली जाते, ती खरोखर कार्डावर उतरली याची खात्री करणारी फोर्सची हाक दिली जाते, आणि मगच एक्स्टेन्शनला पोच मिळते. पोच मिळाली नाही तर एक्स्टेन्शनने नोंद आपल्याजवळ ठेवायची आणि पुन्हा द्यायची. जावात थ्रेडला डेमन अशी खूण करता येते. जेव्हीएम अशा थ्रेडसाठी थांबत नाही, बाकीची कामं संपली की त्यांना अर्ध्यावर सोडून निघून जातं. एक्स्टेन्शनांच्या कामाला ही खूण चालते. लिहिणाऱ्या थ्रेडला ती कदापि नको, त्याचं शेवटचं वाक्य पूर्ण झाल्याशिवाय दार लागता कामा नये.

जावाच्या शेड्यूलरमध्ये एक सापळा आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. ठरावीक अंतराने चालणाऱ्या कामातून एकदा जरी अपवाद बाहेर पडला तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतात, तेही गुपचूप. प्रोसेस जिवंत दिसते, तिच्यावर लक्ष ठेवणारं सिस्टीमडी म्हणतं सगळं ठीक, आणि यंत्राकडे मात्र कुणी विचारायलाच जात नाही. म्हणून एक्स्टेन्शनची प्रत्येक हाक गाभा स्वतःच्या वेष्टनात मारतो, अपवाद तिथेच पकडतो, लॉगमध्ये लिहितो आणि त्या फेरीसाठी नोंद नाही अशी नोंद करतो. नोंद नसणं हीसुद्धा वेळेसकट लिहून ठेवायची बाब आहे.

वेळ म्हटली तर तिचाही प्रश्न होता. आमच्या जातीच्या पायमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली, आली, आणि मोबाइलची रेंज अजून आलेली नाही, अशा वेळी ते जुनीच वेळ धरून चालू लागतं. पहाटे तीनचा पाऊस रात्री अकराच्या खात्यात जातो. साडेआठच्या आसपास असं झालं तर दिवसच बदलतो. त्यावर उपाय म्हणजे नाण्याएवढ्या सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ. ते लावलं, आणि गाभ्याला सांगितलं की घड्याळाची खात्री होईपर्यंत प्रत्येक नोंदीवर तशी खूण कर. सिस्टीमडीचंही एक जाणून घ्यावं लागतं. थांब म्हटल्यावर जेव्हीएम नीट आवरून बाहेर पडतं तेव्हा १४३ हा कोड देतं, आणि सिस्टीमडी त्याला अपयश समजतं. हा कोड म्हणजे यश, असं सर्व्हिस फाइलीत एका ओळीत लिहिलं की लॉगमधल्या खोट्या तक्रारी थांबतात. खोट्या तक्रारी थांबल्या तरच खरी नजरेला पडते.

पुढच्या जुलैत एका रात्री हे सगळं पणाला लागलं. नेरळच्या यंत्राचं एक्स्टेन्शन अपवाद फेकू लागलं, पडद्यावर त्याच्यापुढे नोंद नाही आणि वेळ दिसू लागली. त्याची मला चिंता वाटली नाही, ते खरं बोलत होतं. चिंता वाटली मामांच्या टिपिंग बकेटची. तिथे शून्य होतं, मोजलेलं, नीट वेळेवर आलेलं शून्य. साकवाखालची पातळी तर चढत होती. मी फोन केला.

“मामा, तुमच्याकडे पाऊस आहे?”

“आहे म्हणजे? पागोळ्यांचा आवाज ऐकू येत नाही का तुला?”

सकाळी मामांनी शिडी लावली तर नरसाळ्यात सागाची पानं आणि चिखल बसून भोक बुजलं होतं. यंत्र ठणठणीत, तार ठणठणीत, आकडा मात्र चुकीचा. हे गाभ्याला कळणं शक्य नाही आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. त्यासाठी स्वतंत्र एक्स्टेन्शन झालं. आसपासच्या तीन ठिकाणी जोर असताना एकाकडे सलग शून्य आलं, तर ते त्यावर संशयाचा शेरा मारतं. मूळ नोंद मात्र खोडायचा किंवा सुधारायचा अधिकार त्याला नाही, शेरा वेगळा राहतो आणि कुणी मारला, कशावरून मारला हेही सोबत राहतं. आमच्यातल्या एकाचं मत होतं की शेजाऱ्यांची सरासरी भरून टाकावी, आलेख सलग दिसेल. मी ठाम नकार दिला. खालापुरात पडला म्हणून केळवलीतही तेवढाच पडला असं गृहीत धरायचं असतं, तर इतक्या ठिकाणी मोजायची गरजच काय होती?

आता खोपोलीची एक विद्यार्थिनी बकेटची दुरुस्ती करणारं एक्स्टेन्शन लिहितेय. पाऊस अगदी जोरात असला की कप्पे कलंडत असताना मधलं पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो, त्याचा हिशेब. तिने करार वाचून पहिला प्रश्न विचारला तो असा, दुरुस्त केलेला आकडा मोजलेला धरायचा की आणखी एक प्रकार करायचा? आमची यावर चर्चा चालू आहे. माझं मत पाचव्या प्रकाराकडे झुकतंय, तिला तो शेरा म्हणून पुरेल असं वाटतं.

मामांची मागणी वेगळीच आहे. पाताळगंगेला खोपोलीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी मिळतं. १९१५ पासून ते केंद्र घाटमाथ्याच्या पाण्यावर चालतंय, त्यामुळे नदीची पातळी पाऊस नसतानाही हलते. काठावर पंप ठेवणाऱ्या माणसाला आकाश बघून नदी कळत नाही. त्यांना हवंय की पातळी वाढली आणि वरच्या कुठल्याच मापकात पाऊस नाही, अशी जोडी दिसली की फोन वाजावा. गाभ्यात एकही ओळ न बदलता हे होण्यासारखं आहे. फक्त वरच्या मापकांपैकी एकाची नोंदच नसेल तेव्हा फोन वाजवायचा की नाही, हे मामांनी ठरवायचं आहे. मी त्यांना ते विचारलंय. ते म्हणाले, वाजव, आणि काय माहीत नाही तेही त्यात सांग.